सांगितले एक, बिलात चार: सर्व्हिस सेंटरने न विचारता केलेल्या दुरुस्तीचे पैसे द्यावे लागतात का?

वार्षिक सर्व्हिसिंगसाठी गाडी सोडताना काउंटरवरच्या सल्लागाराने तोंडी सांगितलेला आकडा सहा हजारांचा असतो आणि संध्याकाळी हातात पडणारे बिल तेरा हजारांचे असते. ऑइल आणि फिल्टर बदलल्याची ओळ त्यात असतेच, पण तिच्याखाली थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, ब्रेक पॅडचा नवा संच आणि ‘कन्झ्युमेबल्स’ या मोघम नावाची एक रक्कमही असते. ब्रेकविषयी दुपारी एक फोन आला होता एवढे मालकाला आठवते. बाकीच्या कामांविषयी त्याला कोणी काही विचारलेले नसते. मात्र बिल चुकते केल्याशिवाय गेट पास मिळत नाही, गेट पास नसेल तर फाटकावरचा रखवालदार गाडी सोडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तर हवीच असते. बहुतेक जण मग चडफडत कार्ड पुढे करतात आणि विषय तिथेच संपतो.

अशा वेळी मालकाला दोन प्रश्न पडतात. न सांगितलेल्या कामाचे पैसे देणे आपल्यावर बंधनकारक आहे का, आणि ते दिले नाहीत तर गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार सर्व्हिस सेंटरला आहे का? दोन्हींचे उत्तर बहुतांशी ‘नाही’ असे आहे. पण हे उत्तर पदरात पाडून घ्यायचे तर आपण कशाला होकार दिला होता आणि कशाला नाही, हे कागदावर दिसावे लागते, आणि तो कागद संध्याकाळी बिलाच्या वेळी तयार होत नाही. तो सकाळी गाडी सोडताना, घाईघाईत केलेल्या सहीने तयार होतो.

## गाडी ‘सोडतो’ तेव्हा नेमके काय होते?

आपली वस्तू एखाद्या कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे, या व्यवहाराला १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेप म्हटले आहे. त्याची व्याख्या कलम १४८ मध्ये आहे. त्यात मालकी आपलीच राहते, फक्त ताबा जातो, आणि तोही ठरलेल्या हेतूपुरता. शिंप्याकडे सदरा उंची कमी करायला दिला आणि त्याने उंचीबरोबर कॉलर बदलली, बटणे नवी लावली, आतून अस्तरही शिवले, तर सदरा कितीही देखणा झाला तरी कॉलर-बटणांची मजुरी देण्याचा करार झालेलाच नसतो, कारण सदरा त्याच्याकडे उंचीसाठी गेला होता. सदऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट कोणालाही पटते. गाडीच्या बाबतीत मात्र आपण कचरतो, कारण बॉनेटखाली काय चालले आहे हे समोरच्याला कळते आणि आपल्याला कळत नाही, आणि कळणाऱ्याने केले ते योग्यच असेल असे आपण गृहीत धरतो. त्याचे तांत्रिक निदान बरोबर असेलही. परंतु निदान करणे आणि खर्चाला होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट मालकाच्याच हातात राहते.

याच निक्षेपातून सर्व्हिस सेंटरची इतर कर्तव्येही निघतात. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो तितकी काळजी त्याने घेतली पाहिजे (कलम १५१), ठरलेल्या हेतूव्यतिरिक्त गाडी वापरली आणि त्यात नुकसान झाले तर ते भरून दिले पाहिजे (कलम १५४), आणि हेतू पूर्ण झाल्यावर वस्तू परत केली पाहिजे (कलम १६०). गाडी सोडताना किलोमीटरच्या आकड्याचा आणि इंधनाच्या काट्याचा फोटो काढून ठेवावा असे जे सांगितले जाते, त्यामागे हीच कलमे आहेत.

गाड्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा, नेमका कायदा भारतात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांना हा फरक ठाऊक असेल: तिथे १९७१ पासून वाहन दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा आहे, कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे आणि त्याबाहेर जाण्यापूर्वी ग्राहकाची परवानगी घेणे बंधनकारक आहे, आणि त्यावर देखरेख ठेवणारे सरकारी कार्यालयही आहे. आपल्याकडे हेच संरक्षण दीडशे वर्षांपूर्वीचा करार कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा एकत्र वाचून मिळवावे लागते. ते मिळते, फक्त आपसूक मिळत नाही.

## जॉब कार्ड: ज्याच्यावर सही करतो तोच करार

सकाळी सल्लागार जो कागद पुढे सरकवतो किंवा टॅबवर जी पाने दाखवतो, ते जॉब कार्ड. गाडीचा नंबर, किलोमीटर, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे, गाडीत ठेवलेल्या वस्तू, ग्राहकाने सांगितलेल्या तक्रारी, खर्चाचा अंदाज आणि गाडी मिळण्याची वेळ अशा नोंदी त्यावर अपेक्षित असतात. बहुतेक मालक त्याला पोचपावती समजतात. वाद झाला की तेच जॉब कार्ड करार म्हणून पुढे येते, आणि तेव्हा त्यावरील रिकाम्या जागा मालकाच्या विरुद्ध बोलू लागतात. अंदाजाचा रकाना कोरा ठेवून सही केली असेल तर ‘सहा हजार सांगितले होते’ हे म्हणणे निव्वळ तोंडी उरते. ‘तपासून आवश्यक ते करणे’ एवढेच लिहिलेले असेल तर सल्लागार म्हणणार, आम्ही तपासले आणि आवश्यक ते केले. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या अटींमध्ये ‘आवश्यक वाटल्यास जादा काम करण्यास ग्राहकाची संमती आहे’ असे सरसकट वाक्य असेल, तर त्याचाही आधार घेतला जातो.

म्हणून सही करण्यापूर्वी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी: ‘यादीबाहेरचे कोणतेही काम आणि अमुक रुपयांपेक्षा जास्त खर्च माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये.’ टॅबवर लिहिण्याची सोय नसेल तर काउंटरवर उभे असतानाच हेच वाक्य सर्व्हिस सेंटरच्या अधिकृत क्रमांकावर व्हॉट्सॲपने किंवा ईमेलने पाठवावे. जॉब कार्डाची प्रत किंवा फोटो घेतल्याशिवाय तिथून निघू नये. हे अगदी साधे आहे, आणि पुढच्या सगळ्या कायदेशीर चर्चेपेक्षा याच एका ओळीचा उपयोग जास्त होतो, असे माझे मत आहे.

अलीकडे अनेक ठिकाणी अंदाजपत्रकाला मंजुरी ओटीपीने किंवा मोबाइलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारून घेतली जाते. ‘सर, एक नंबर आला असेल, तेवढा सांगा, गाडी सिस्टीममध्ये घेतोय,’ असा फोन आला की आपण कामाच्या गडबडीत नंबर सांगून मोकळे होतो. तो नंबर कशासाठी आला आहे हे संदेशातच लिहिलेले असते. तो आधी वाचला पाहिजे, कारण पुढे वाद झाल्यास संगणकातील ती नोंद ‘ग्राहकाने अमुक वाजता मंजुरी दिली’ असेच सांगेल.

सल्लागार हे का करतो, हेही समजून घ्यायला हवे. नव्या गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला मिळणारा नफा तोकडा असतो आणि त्याचा गाडा बराचसा सर्व्हिस, सुटे भाग आणि विमा यांवर चालतो. क्लीनिंग, कोटिंग, फ्लश यांसारख्या वरकामांना या धंद्यात ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी ती किती विकली यावर सल्लागाराचा मासिक भत्ता ठरतो. त्यामुळे समोरचा तरुण लबाड असतोच असे नाही. त्याला महिन्याचे लक्ष्य दिलेले असते आणि आपण त्या लक्ष्याच्या वाटेत उभे असतो.

## बिल वाढले म्हणजे फसवणूकच झाली का?

नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट मांडता येत नाही. काही दोष गाडी उघडल्यावरच दिसतात. क्लच घसरतो म्हणून गिअरबॉक्स उतरवला आणि आत फ्लायव्हीलही खराब निघाले, किंवा पाण्याच्या गळतीसाठी पंप काढला आणि शेजारची नळी हाताने चुरगळली, तर सकाळचा अंदाज चुकलेला असतो आणि त्यात कोणाचाच दोष नसतो. अशा वेळी योग्य पद्धत एवढीच की काम थांबवावे, मालकाला कळवावे, भागाचा फोटो आणि सुधारित अंदाज पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये. मालकाने नकार दिला तर उघडलेला भाग पुन्हा जोडण्याची मजुरी मागणे रास्त आहे, विशेषतः ती आधी सांगितलेली असेल तर. मोठे काम असेल तेव्हा ‘नुसते उघडून बघण्याचे आणि परत बसवण्याचे किती?’ हा प्रश्न आधीच विचारून उत्तर जॉब कार्डावर घ्यावे.

वादाचे मूळ अंदाज वाढण्यात नसते. काम थांबवले नाही आणि विचारले नाही, यात असते. ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही समावेश आहे. दुपारी बारा वाजता माहीत असलेली गोष्ट संध्याकाळी सहा वाजता बिलातून कळवणे या व्याख्येच्या किती जवळ जाते, हे वाचकांनीच पाहावे.

## पैसे दिले नाहीत तर गाडी अडवता येते का?

कारागिराला त्याच्या मजुरीसाठी वस्तू रोखून धरण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. याला धारणाधिकार म्हणतात आणि तो करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे. हा हक्क खरा आहे. ठरलेले काम करून घ्यायचे आणि पैसे न देता गाडी मागायची, असे मालकाला करता येत नाही. पण या कलमाची शब्दरचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. निक्षेपाच्या हेतूला अनुसरून श्रम किंवा कौशल्य खर्ची घातले असेल तरच हा हक्क निर्माण होतो आणि त्या सेवेच्या रास्त मोबदल्यापुरताच तो टिकतो. या कलमाखालच्या उदाहरणांत खुद्द कायद्यानेही एक जवाहिऱ्या आणि एक शिंपीच घेतला आहे: शिंप्याने कोट शिवून होताच द्यायचे आणि पैशांसाठी तीन महिन्यांची उधारी द्यायची असे कबूल केले असेल, तर मजुरीसाठी त्याला कोट अडवता येत नाही.

याचा आपल्या प्रसंगातील अर्थ असा की सहा हजारांच्या सांगितलेल्या कामासाठी सर्व्हिस सेंटर गाडी रोखू शकते, पण उरलेल्या सात हजारांच्या न सांगितलेल्या कामासाठी रोखू शकत नाही, कारण ते काम निक्षेपाच्या हेतूतच बसत नाही. मागच्या खेपेची थकबाकी किंवा आपल्याच दुसऱ्या गाडीचे बिल पुढे करूनही ही गाडी अडवता येत नाही. तसा सर्वसाधारण धारणाधिकार कलम १७१ ने बँका, अडते, गोदीतील धक्केवाले, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विम्याचे दलाल यांनाच दिला आहे. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो. गॅरेज त्या यादीत नाही.

तरीही फाटकावर उभे असताना कलमे सांगून उपयोग होतोच असे नाही. पोलिसांना बोलावले तर बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळते. इथे व्यवहारी मार्ग असा की मान्य रक्कम आणि अमान्य रक्कम लेखी वेगळी दाखवावी, मान्य रक्कम भरायला तयार असल्याचे ईमेलने कळवावे, आणि तरीही गाडी सोडत नसतील व ती तातडीने हवी असेल तर संपूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरावी. बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘अमुक ओळींची कामे मी सांगितलेली नव्हती, गाडी ताब्यात मिळावी म्हणून हरकत नोंदवून रक्कम भरत आहे’ असे लिहून सही करावी. लिहू देत नसतील तर पैसे भरण्यापूर्वी हाच मजकूर ईमेलने पाठवावा. ‘पैसे भरलेत म्हणजे मान्य केलेत’ हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. करार कायद्याच्या कलम ७२ नुसार चुकीने किंवा दबावाखाली दिलेला पैसा परत करावा लागतो, आणि त्याखालचे उदाहरण तर आपल्याच फाटकावरचे वाटावे असे आहे: रेल्वे कंपनी बेकायदा आकारणी भरल्याशिवाय माल देत नाही, माल मिळावा म्हणून तो माणूस पैसे भरतो, आणि बेकायदा असलेला जादा भाग परत मिळवण्याचा हक्क त्याला राहतो.

गाडी तिथेच ठेवून भांडायचे ठरवले तर रोजच्या पार्किंगचा आकार लावण्याची धमकी दिली जाते. जॉब कार्डाच्या मागे तशी अट छापलेली आहे का, हे आधी पाहावे. ती एकतर्फी आणि अवाजवी असेल तर ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्धही तक्रार करता येते. मात्र निव्वळ त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते.

## ‘पण फायदा तर तुम्हालाच झाला ना?’

सर्व्हिस सेंटरच्या बाजूने येणारा हा सर्वांत सबळ आक्षेप आहे. नवे ब्रेक पॅड गाडीला लागले आहेत, ते मालकच वापरणार आहे, मग पैसे का नकोत? या आक्षेपालाही कायद्याचा आधार आहे. करार कायद्याचे कलम ७० सांगते की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे, फुकट करण्याचा हेतू नसताना काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई केली पाहिजे.

या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या, १९६२ च्या निर्णयसंग्रहांत आलेल्या, प्रकरणात उलगडला. निकालपत्र साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. सरकारी खात्यासाठी एका ठेकेदाराने बांधकाम केले होते, पण विधिवत करार झाला नव्हता. सरकारने ते बांधकाम स्वीकारले आणि वापरले, म्हणून पैसे द्यावे लागले. हे सांगताना न्यायालयाने एक मर्यादाही आखून दिली: समोरच्याने ते काम स्वेच्छेने स्वीकारलेले असले पाहिजे, म्हणजे ते नाकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक त्याला असली पाहिजे. कोणावर काम लादून त्याच्याकडून दाम वसूल करण्यासाठी हे कलम नाही.

ही कसोटी बिलातील ओळींना लावली की त्यांचे दोन गट पडतात. सीट कव्हर, वायपर, बॅटरी, पॅड अशा सुट्या वस्तू काढून परत देता येतात. म्हणून ‘तुमचे भाग काढून घ्या आणि माझे जुने बसवून द्या’ असे मालकाने तिथल्या तिथे सांगावे. तसे न सांगता त्याच पॅडवर सहा महिने गाडी चालवून मग तक्रार केली तर त्याची बाजू कच्ची होते आणि ती व्हावीही. याउलट इंजिन फ्लश, कोटिंग, निर्जंतुकीकरण ही कामे परत करण्याजोगी नसतातच. मालकाला कळते तेव्हा नाकारण्याची संधी निघून गेलेली असते. योगायोग म्हणा किंवा नका म्हणू, न विचारता उरकली जाणारी कामे बहुतेक याच गटातील असतात.

बदललेले जुने भाग मागून घेण्याचा आग्रह यासाठीच महत्त्वाचा आहे. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे जातो आणि विम्याच्या दाव्यात भंगाराचा हिशेब वेगळा होतो, पण आपण रोख पैसे मोजून बदललेला भाग आपला असतो. ‘जुने भाग परत हवेत’ हे सकाळी जॉब कार्डावर लिहिले तर संध्याकाळी ‘ते तर टाकून दिले’ असे ऐकावे लागत नाही.

## ‘सुरक्षेचा प्रश्न होता, म्हणून बदलले’

ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांबाबत हे उत्तर ऐकू येते आणि त्यात तथ्यही असू शकते. पण ज्याच्या खिशात मोबाइल आहे अशा मालकाला विचारण्यासाठी पाच मिनिटे नव्हती, हे वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत म्हणता येत नाही; उभी गाडी कोणाला धडकणार नसते. पॅडची उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते, तिचा फोटो पाठवता येतो. तरीही मालकाने नकार दिला तर तो नकार बिलावर नोंदवून सर्व्हिस सेंटरने स्वतःची जबाबदारी मोकळी करावी. त्यानंतर झिजलेल्या ब्रेकवर गाडी चालवण्याची जोखीम मालकाची राहते, आणि जाडी खरोखर संपत आली असेल तर केवळ हट्टापायी नाही म्हणू नये, हेही सांगितले पाहिजे.

## ‘नाही म्हटले तर वॉरंटी जाईल’

गाडीबरोबर मिळालेल्या मालकाच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी कोणते काम करायचे याचा तक्ता असतो. वॉरंटी टिकवण्यासाठी त्या तक्त्यातील कामे वेळेवर करणे आवश्यक आहे. तक्त्यात नसलेले कोटिंग किंवा फ्लश नाकारल्याने वॉरंटी जात नाही. सल्लागाराला हा एकच प्रश्न विचारावा: हे काम पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे?

या धाकाची मुळे बाजाराच्या रचनेतही आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देऊन या कंपन्यांनी ग्राहकाला आपल्याच साखळीत अडकवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने सांगितले. दंडाचा विषय पुढे अपील न्यायाधिकरण आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यातील चार क्षेत्रांपैकी वाहने हे एक आहे.

## अपघातानंतरची दुरुस्ती

विम्यातून होणाऱ्या कामात विमा कंपनी हा तिसरा पक्ष असतो, त्यामुळे संमतीचा गुंता वाढतो. विम्याचा सर्व्हेअर जे भाग मंजूर करतो तेवढ्याचेच पैसे विमा कंपनी देते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे भागाच्या जुनेपणापोटी होणारी कपात, मालकाच्या वाट्याला येतो, काचेवर घसारा नसतो, आणि धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढत जातो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरील गाडीला २,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, म्हणजे दाव्यातील तेवढी रक्कम मालकानेच सोसायची असते. सर्व्हेअरने नामंजूर केलेला भाग वर्कशॉपने तरीही बदलला तर ती रक्कम मुकाट्याने मालकाच्या बिलात येऊन बसते. म्हणून सर्व्हेनंतर काम सुरू होण्यापूर्वी मंजूर-नामंजूर भागांची यादी मागावी आणि आपल्या वाट्याचा आकडा लेखी घ्यावा.

## तक्रार कोणाविरुद्ध आणि कुठे?

पाटी मोठ्या कंपनीची असली तरी सर्व्हिस सेंटर बहुधा स्वतंत्र विक्रेत्याचे असते. विक्रेत्याच्या प्रत्येक कृत्याला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी विकली गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सवरील जबाबदारी याच कारणाने रद्द केली: दोघांमधील व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता आणि विक्रेत्याचे कृत्य कंपनीला माहीत होते हे सिद्ध झाले नव्हते. म्हणून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल जरूर करावा, त्या दबावाने पुष्कळदा रक्कम परत मिळते, परंतु तक्रारीत मुख्य प्रतिवादी विक्रेताच ठेवावा.

पहिली पायरी म्हणजे वर्क्स मॅनेजरकडे, कोणत्या ओळी अमान्य आहेत ते सांगणारी लेखी तक्रार. दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५; ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार व्यवसायापर्यंत पोहोचवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शनही घेता येते. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याने झालेली मोठी सोय म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार दाखल होते; पुण्यात गाडी दुरुस्त केलेल्या लातूरकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून बराच काळ लागतो.

सात हजारांसाठी एवढे करावे का, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. आयोगापुढे साक्षी-पुरावे मुख्यतः प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर चालतात, त्यामुळे जॉब कार्डाची प्रत, हरकत नोंदवलेले बिल, संदेश आणि फोन कॉलची नोंद हाताशी असेल तर प्रकरण छोटे राहते. तसे कागद नसतील तर नाद सोडलेला बरा, असे मी म्हणेन.

टॅक्सीवाल्यांना एक शंका नेहमी असते: गाडी धंद्याची आहे, मग आम्ही ग्राहक ठरतो का? स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. पगारी चालक ठेवून गाड्यांचा ताफा फिरवणाऱ्या कंपनीला मात्र ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला तर आयोग रक्कम परत करण्याचा, भरपाईचा आणि तक्रारीच्या खर्चाचा आदेश देऊ शकतो. विक्रेत्याला अपील करायचे असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते आणि आदेशातील रकमेच्या निम्मे पैसे आधी जमा करावे लागतात. आदेश पाळलाच नाही तर कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५,००० आणि कमाल एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम ७२ ग्राहक संरक्षण कायद्यातील, वर आलेले कलम ७२ करार कायद्यातील.